नवा शब्द कुठे जन्मतो, कुठे नांदतो?

रायपूरच्या मराठी घरात पुण्याहून किंवा नाशिकहून सून आली की पहिल्या पंधरवड्यात तिची दोनतीनदा तरी गंमत होते. रस्त्याने भोंगा वाजवत एक गाडी जाते. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'महतारी एक्सप्रेस'. सूनबाई वाचते आणि कौतुकाने म्हणते, "आई, इथं म्हाताऱ्या बायकांसाठी वेगळी गाडी आहे वाटतं!" सासूबाई हसून हसून बेजार. "अगं, म्हातारी नव्हे, महतारी. इथं महतारी म्हणजे आई. बाळंतपणाला दवाखान्यात नेणारी गाडी आहे ती. येईल हो एक दिवस तुझ्यासाठीही!"

दुसऱ्या दिवशी कळते, की शेजारच्या बाई पूर्वी 'शिक्षाकर्मी' होत्या. आता मराठी कानाला शिक्षा म्हणजे छडी, नाहीतर तुरुंग. इतक्या मायाळू बाई शिक्षा देण्याचे काम करत होत्या? नाही, त्या मुलांना शिकवत होत्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मध्य प्रदेशात आणि पुढे छत्तीसगडात कंत्राटी शिक्षकांसाठी हा शब्द वापरला गेला आणि वर्षानुवर्षे चालला. २०१८ मध्ये या मंडळींना शिक्षण खात्यात सामावून घेतले, तेव्हा हा शब्दही कागदोपत्री निवृत्त झाला. लोकांच्या तोंडून मात्र अजून गेलेला नाही.

या दोन शब्दांकडे जरा निरखून पाहिले, तर नवे शब्द कसे बनतात याचे निम्मे शास्त्र त्यांतच सापडते. 'शिक्षाकर्मी' हा संस्कृतच्या दोन तुकड्यांचा जोड आहे, कुणीतरी टेबलाशी बसून केलेला. 'महतारी एक्सप्रेस'मध्ये छत्तीसगढी बोलीतली आई आणि रेल्वेच्या वेळापत्रकातली इंग्रजी एक्सप्रेस एका पाटावर बसल्या आहेत. २०१३ मध्ये १०२ क्रमांकाची ही सेवा सुरू झाली, तेव्हा या लग्नाला कुणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. खेड्यातल्या बाईला 'महतारी' कळते आणि गाडी वेगाने येणार हे 'एक्सप्रेस'वरून कळते. मग आणखी काय हवे?

इंग्रजीचा कारखाना

अशी सोयरीक जुळवण्यात इंग्रजीचा हात कुणी धरू शकत नाही. आपल्याकडे समज असा, की इंग्रजी फार शिस्तीची भाषा. शब्दांच्या बाबतीत ती मुळीच सोवळी नाही. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणावी आणि परत करायचे विसरून जावे, असा तिचा खाक्या आहे. जंगल, लूट, पायजमा, शांपू हे शब्द तिने हिंदुस्थानातून उचलले. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट' केला, म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी शक्ती. मराठी माणसाने मिरवावे असे एक उदाहरण तर अगदी घरचे आहे. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपला मुंगूस. हा शब्द इंग्रजांनी मराठीतून घेतला, असे इंग्रजी कोशच सांगतात.

उसनवारी झाली, की दुसरा उद्योग कातरकामाचा. लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. सर्वांना घेऊन जाणाऱ्या गाडीला ते नाव पडले आणि लोकांनी त्याचे शेपूट तेवढे ठेवले, बस. ते मुळात शेपूट आहे, हे आज बसमध्ये लोंबकळणाऱ्या कुणाला सांगूनही पटणार नाही. 'रेफ्रिजरेटर'चा फ्रीज आणि 'फॅनॅटिक'चा फॅन असाच झाला. कातरलेले तुकडे एकमेकांना शिवण्याचीही इंग्रजीला हौस. धूर आणि धुके यांच्या इंग्रजी शब्दांची टोके जोडून विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये 'स्मॉग' झाला. सकाळची न्याहरी आणि दुपारचे जेवण यांचा 'ब्रंच' झाला, तो त्याच्याही थोडा आधी. रविवारी उशिरा उठणाऱ्या घरांत ब्रंच आपल्याकडेही होतच आला आहे, फक्त आपण त्याला नाव दिले नव्हते.

कधी तर चूक हाच कारागीर असतो. हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आले. लोकांना वाटले, हे हॅम अधिक बर्गर. मग हॅम काढून टाकले आणि उरलेल्या बर्गरला चीज, भाजी, काय हवे ते चिकटवले. आज रायपूरच्या कॉलेजातली मुले आलूटिक्कीचा बर्गर खातात, त्यात ना हॅम ना हॅम्बुर्ग.

माणसांच्या नावांचेही शब्द होतात. १८८० मध्ये आयर्लंडमधल्या कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले, आणि त्या माणसाचे आडनावच बहिष्काराचे क्रियापद झाले. अर्थात याबाबतीत आपणही मागे नाही. कळीचा नारद आणि शकुनीमामा आपल्याकडे घरोघरी, निदान इमारतीगणिक एक, सापडतातच.

आणि मग आद्याक्षरांची युक्ती. रडार, लेसर हे मुळात लांबलचक वर्णनांच्या पहिल्या अक्षरांचे गठ्ठे. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड-१९' हे नाव जाहीर केले, तेही असेच. कोरोनातला 'को', व्हायरसमधला 'व्हि', डिसीजमधला 'ड' आणि साल २०१९. महिनाभरात तो शब्द जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचला. इतक्या वेगाने आजवर दुसरा कुठला शब्द पोचला असेल, असे वाटत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्रजीत शब्दांना मंजुरी देणारे सरकारी खाते नाही. कोशकार लोकांच्या मागून चालतो. शब्द चालू लागला, छापून येऊ लागला, की तो त्याची नोंद करतो. 'सेल्फी' हा शब्द आधी मुलांच्या तोंडी रुळला आणि मग २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून टिळा लावला. पंडितांच्या नाराजीने तिथे शब्द मरत नाही. विल्यम ह्यूएल या विद्वानाने १८३३ मध्ये 'सायंटिस्ट' हा शब्द सुचवला, तेव्हा खुद्द वैज्ञानिकांनी नाके मुरडली. टी. एच. हक्सलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला तो शतकाच्या अखेरीसही आवडत नव्हता. आज त्यावाचून पान हलत नाही.

रायपूरचा मराठी शब्दकर्ता

आपल्याकडची परिस्थिती वेगळी होती. इंग्रजी राज्य आले आणि त्याबरोबर रेल्वे, कोर्टकचेरी, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र असे सगळे एकदम दारात येऊन उभे राहिले. शब्द आपोआप रुजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शाळेचे पुस्तक उद्या छापायचे असेल, तर शब्द आज हवा. म्हणून इथे टेबलाशी बसून शब्द करणारे लोक लागले. त्यांतला एक मोठा माणूस रायपूरचा आणि घरचा मराठी होता, हे फारसे कुणाला माहीत नसते.

माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला. सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता जानेवारी १९०० पासून त्यांनी पेंड्रा या छोट्या गावाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. जोडीला रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. तिन्ही आडनावे पाहा! तीन मराठी माणसे छत्तीसगडच्या आडगावातून हिंदी मासिक चालवत होती. पैशांअभावी तीन वर्षांत ते बंद पडले. लाख्यांचे नाव रायपूरच्या लाखेनगरात आणि सप्र्यांचे एका शाळेला दिलेल्या नावात टिकून आहे. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा आणि समर्थांच्या 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद सप्र्यांनीच केला. १९२६ मध्ये रायपुरातच ते वारले.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदीसाठी वैज्ञानिक शब्दांचा कोश करायला घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्र्यांकडे आले. श्यामसुंदर दासांच्या संपादनाखाली १९०६ मध्ये तो कोश बाहेर पडला. काम किती अवघड होते, हे त्या विषयाच्या नावावरूनच कळावे. मुळात या शास्त्राला म्हणायचे काय? १८५४ मध्ये हरि केशवजींचे मराठी पुस्तक निघाले, तेव्हा त्यात शास्त्राचे नाव होते 'देशव्यवहारव्यवस्था'. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्र परिभाषा' लिहिली. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदींनी १९०८ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'संपत्तिशास्त्र'. तिन्ही शब्द अर्थाने चोख. 'देशव्यवहारव्यवस्था' तर अर्थाने सर्वांत नेमका म्हणावा लागेल. पण तो उच्चारून होईपर्यंत विद्यार्थ्याची डुलकी लागायची. 'अर्थशास्त्र' आटोपशीर, शिवाय जुने, कौटिल्याच्या घराण्यातले. ते टिकले, बाकीचे दोन ग्रंथालयाच्या कपाटात गेले.

म्हणजे शब्द अचूक असणे ही एक गोष्ट आणि तो जिभेला मानवणे ही दुसरी. पहिली विद्वानांच्या हातात असते. दुसरी कुणाच्याच हातात नसते.

धातू, उपसर्ग, प्रत्यय

हा धडा पुन्हा एकदा, आणि फार मोठ्या प्रमाणावर, नागपुरात गिरवला गेला. स्वातंत्र्य आले तेव्हा रायपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी होती नागपूर. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल रायपूरचे वकील. विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त शेजारच्या दुर्गचे. राज्य दुभाषी होते, एक भाग हिंदी, दुसरा मराठी. १९५० च्या कायद्याने दोन्ही राजभाषा झाल्या. आता कारभार इंग्रजीतून काढून या दोन भाषांत आणायचा, तर हजारो शब्द हवेत. ते कोण देणार?

लाहोरहून १९४६ मध्ये नागपूरला आलेले डॉ. रघुवीर यांनी हे काम अंगावर घेतले. ते अनेक भाषांचे जाणकार, प्रचंड उद्योगी, संविधान सभेचेही सदस्य. संविधानाच्या हिंदी अनुवादासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते दुर्गचे तेच घनश्यामसिंह गुप्त. म्हणजे आज आपण नागरिकशास्त्रात जे शब्द सहज वाचतो, त्यांच्या जडणघडणीत नागपूर-दुर्ग-रायपूर या पट्ट्याचा मोठा वाटा आहे.

रघुवीरांचा हिशेब एखाद्या अभियंत्याला शोभेल असा होता. संस्कृतचे ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय घ्या. यांची जुळणी करत गेलात तर लाखो शब्द तयार होतात, मग इंग्रजीकडे हात पसरायचे कारण काय? त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. 'विधी' या एका मुळाभोवती पाहा. विधान, विधायक, विधेयक, वैध, अवैध, संविधान. एक कळला की बाकीचे पाहुणे ओळखीचेच वाटतात. हेच इंग्रजीतून घेतले असते, तर प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागला असता. आज रायपूरच्या किंवा मुंबईच्या विधानसभेत 'विधेयक' मांडले जाते, तेव्हा तो बनवलेला शब्द आहे असे कुणालाही वाटत नाही.

पण तेच यंत्र रसायनशास्त्रावर चालवले तेव्हा गाडी रुळावरून घसरली. रघुवीरांनी ऑक्सिजनला 'जारक' म्हटले, हायड्रोजनला 'उदजन', नायट्रोजनला 'भूयाति', कार्बनला 'प्रांगार'. मुलाने शाळेत 'प्रांगार' पाठ करायचा आणि कॉलेजात गेल्यावर जगभरच्या पुस्तकांत कार्बन शोधायचा, हा दुहेरी भार झाला. १९५५ मध्ये त्यांचा भलाथोरला इंग्रजी-हिंदी कोश नागपुरातून निघाला. पुढच्याच वर्षी राज्य फुटले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक शब्दांसाठी आयोग नेमला आणि आंतरराष्ट्रीय शब्द तसेच ठेवण्याचा मार्ग धरला. १९६३ मध्ये मोटार अपघातात रघुवीर गेले. त्यांच्या मागे उरली ती बरीचशी टिंगल. आगगाडीला 'लौहपथगामिनी' आणि टायला 'कंठलंगोट' हे शब्द त्यांच्या माथी मारले जातात. ते लोकांनी थट्टेसाठी रचले असावेत. थट्टा करणारे 'विधेयक' आणि 'अवैध' मात्र रोज वापरतात, आणि ते कुणामुळे सोपे झाले हे त्यांच्या गावीही नसते. हे जरा अन्यायाचेच झाले.

रायपूरचा महापौर

महाराष्ट्रातही हीच कथा थोड्या वेगळ्या रंगात घडली. रत्नागिरीला स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक असे कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्या काळी त्यांचीही रेवडी उडाली. आज सिनेमाच्या पाटीवर 'दिग्दर्शक' वाचताना कुणाला हसू येते?

यातली मौज अशी, की या मराठी टांकसाळीतली काही नाणी हिंदीच्या बाजारातही चालली. रायपूरच्या महानगरपालिकेचा पहिला नागरिक 'महापौर' म्हणवतो. छत्तीसगडच्या सरकारी पत्रांवर वरच्या कोपऱ्यात 'क्रमांक' आणि 'दिनांक' असतो. उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्या त्याच जागी बहुतेक 'संख्या' लिहितात. रायपूरच्या कारकुनाला 'क्रमांक' जवळचा वाटतो, यामागे जुन्या दुभाषी मध्यप्रांताची सवय असणार, असे मानायला जागा आहे.

उलट काही ठिकाणी दोन भाषांनी एकाच सामानातून वेगवेगळी घरे बांधली. मराठीत नोंदणी, हिंदीत पंजीयन. मराठीत दूरध्वनी, हिंदीत दूरभाष. एकच संस्कृत घेतले की सगळ्या भारताची परिभाषा एक होईल, हे स्वप्न रायपूरच्या मराठी माणसाइतके स्पष्टपणे कुणी मोडताना पाहिले नसेल. त्याला घरी एक आणि कचेरीत दुसरे म्हणावे लागते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६२ मध्ये हुद्द्यांच्या मराठी नावांचा 'पदनाम कोश' आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' ठरवून टाकले. शब्द जड होते, ही तक्रार खरी. पण आयुक्त, सचिव, जिल्हाधिकारी, अभियंता आज हवालदारापासून मंत्र्यापर्यंत सगळे बोलतात. नवा शब्द नव्या चपलेसारखा असतो. पहिले चार दिवस तो चावतो. काही चपला मात्र चार वर्षांनीही चावतातच. 'भ्रमणध्वनी' त्यातला. मोबाइल खिशात वाजत असताना एवढा शब्द उच्चारायला कुणाला सवड आहे? 'संगणक' मात्र बसला, कारण तो 'कॉम्प्युटर'पेक्षा लांब नाही आणि उच्चाराला सोपा आहे.

घरात घडणारे शब्द

विद्वानांना बाजूला ठेवले तरी लोक शब्द करायचे थांबत नाहीत. आगगाडी, आगपेटी, आगबोट हे कुठल्या समितीने केले नाहीत. जे दिसले त्यावरून नाव पडले. मोटारसायकल 'फटफट' वाजली म्हणून फटफटी झाली, ती नागपुरातही आणि रायपुरातही. पोर्तुगीजांचा पगार, बटाटा, साबण, घमेले आपण इतके आपलेसे केले, की ते परके म्हटले तर आजी रागावेल. २०२० मध्ये तर हे सगळे डोळ्यांदेखत घडले. 'टाळेबंदी' म्हणजे पूर्वी मालकाने कारखान्याला लावलेले कुलूप. एका रात्रीत तोच शब्द सगळ्या देशाच्या घरबंदीसाठी वापरात आला. 'विलगीकरण' हा तर पुस्तकी शब्द. पण गरज अशी, की भाजीवालीही तो बोलू लागली.

रायपूरच्या मराठी घरातले बोलणे ऐकले तर ही भट्टी कायम पेटलेली दिसते. तिथली मुले "आई, मी अभ्यास करून राहिलो ना!" म्हणतात, हा नागपुरी वळणाचा धागा. त्यात हिंदीचे शब्द येतात, छत्तीसगढीतला एखादा, इंग्रजीतले चार. दिवाळीला पुण्याचे नातेवाईक आले की कुणीतरी हमखास टोमणा मारते, "अरे, हे कुठलं मराठी?" मुलगा ओशाळतो. पुढच्या वेळी तो मराठीत बोलायचेच टाळतो आणि सरळ हिंदी किंवा इंग्रजीचा आसरा घेतो. तिथे त्याला कुणी हसत नाही. बाहेरगावच्या मराठी घरांतून भाषा जाते ती बहुतेक अशीच, शब्द मिसळल्याने नव्हे, तर मिसळलेल्या शब्दांना हसल्याने. आईवडिलांना हे उमगते तोवर मुलगा आजीलाही हिंदीत उत्तरे देऊ लागलेला असतो. टोमणा मारणाऱ्या काकांनी स्वतःच्या वाक्यातले पगार, टेबल आणि साबण एकदा वेगळे काढून पाहायला हरकत नाही.

खुद्द छत्तीसगढी आता त्याच वळणावर आहे, जिथे मराठी आणि हिंदी शंभर वर्षांपूर्वी होत्या. २००७ मध्ये विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक मंजूर केले, पुढच्या वर्षी राजभाषा आयोगही आला. म्हणजे आता तिलाही कचेरीचे, शाळेचे, दवाखान्याचे शब्द हवेत. ते संस्कृतकडून आणायचे, हिंदीचे तसेच घ्यायचे, की बोलीच्या पोटातून काढायचे?

याचे एक उत्तर राज्य झाल्यावर लगेचच मिळाले होते, आणि तेही कुठल्या कोशातून नाही. छत्तीसगडात 'मितान' बदण्याची जुनी चाल आहे. दोन माणसे विधिपूर्वक एकमेकांशी मैत्री जोडतात आणि ती रक्ताच्या नात्यासारखी जन्मभर पाळतात. बायकांमध्ये भोजलीचे कोवळे अंकुर एकमेकींच्या कानात खोवून असे नाते जोडतात आणि मग एकमेकींना नावाने हाक न मारता 'भोजली' म्हणतात. २००२ मध्ये राज्याने खेड्यापाड्यांत आरोग्याचे काम करण्यासाठी प्रत्येक पाड्यावर तिथल्याच एका बाईची निवड करायचे ठरवले. तिला म्हणायचे काय? आरोग्य सेविका, स्वास्थ्य कार्यकर्ता असे तयार शब्द होते. पण नाव ठेवले 'मितानिन'. ताप आला तर गोळी देणारी, बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाणारी, कुपोषित मूल वजन करायला घेऊन जाणारी ती मैत्रीण. एका जुन्या शब्दाला नवे काम मिळाले. अशा साठ हजारांहून अधिक मितानिन राज्यभर उभ्या राहिल्या.

पुढे २००५ मध्ये केंद्राच्या ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर अशाच कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. त्यांचे नाव ठरले 'आशा'. ऐकायला ते आपले वाटते, पण आहे ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे, ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट. रडारच्याच जातीचे, फक्त अक्षरे अशी बेताने मांडलेली, की त्यातून एक देशी अर्थ निघावा. युक्ती कौतुकास्पद आहे आणि महाराष्ट्रात 'आशाताई' म्हणून ती छान रुजलीही. दिल्लीच्या हिशेबात छत्तीसगडची कार्यकर्तीही 'आशा'च आहे. पण रात्री पोर तापाने फणफणले, की पाड्यावरची बाई जिच्या दाराची कडी वाजवते, ती मितानिन.